लिंबूटिंबूचा ठोकळा

ढब्बू बहिरा आहे हे कळायला जोगेवाडीच्या शाळेत पुरता अर्धा तास गेला, आणि तेवढ्यात अकरा पोरांचे घसे बसले.

खोक्यातून बाहेर काढल्याबरोबर हंबीरने कमरेवर हात ठेवून हुकूम सोडला, "ए, चल की पुढं!" यंत्र ढिम्म. गुडघ्याएवढं, गोलमटोल, ढब्बू मिरचीसारखं हिरवंगार. दोन चाकं, एक हात आणि हाताला स्पंजचा पंजा. साईशाने त्याला मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, शेवटी मोबाइलमधल्या बाईचा आवाज काढून इंग्रजीत सांगितलं. पहिलीतल्या बंटूने तर त्याच्या कानात जाऊन कूऽऽ केलं, म्हणजे कान जिथे असावा असं त्याला वाटलं तिथे. छे! हलायचं नाव नाही.

"बाई, ह्येला ऐकूच येत न्हाई," हंबीर वैतागून म्हणाला. "बिघडलेला पाठवलाय आपल्याला. नेहमीचंच हाय."

वैजयंती शिरतोडे बाई खोक्यातलं माहितीपत्रक वाचत होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "बिघडलेला नाही रे बाबांनो. तो मुद्दामच बहिरा बनवलाय."

आता पोरांचं तरी काय चुकलं म्हणा! सगळी दोन हजार तीस सालानंतर जन्मलेली. घरातला दिवा बोलून लागतो, विहिरीवरचा पंप बोलून सुरू होतो, द्राक्षबागेत फवारणीचं यंत्र "तिसऱ्या ओळीपासून घे" म्हटलं की तिसऱ्या ओळीपासून घेतं. तासगावच्या पुढचा हा सगळा बागायतीचा भाग; इथे बेदाण्याच्या शेडवर माल वाहणाऱ्या गाड्यासुद्धा माणसाचं ऐकतात. पण यंत्र ऐकतं म्हणजे नेमकं काय करतं, हे कुणाला विचाराल तर उत्तर मिळायचं नाही. फवारणीचं यंत्र भलत्याच ओळीत शिरलं की थोरली माणसंही त्याच्यावर ओरडण्यापलीकडे काही करू शकत नव्हती. शिक्षण खात्यातल्या कुणाला तरी याची काळजी वाटली असावी. हुकूम सोडणारी पोरं खूप झाली, नियम बांधणारी कुठून आणायची? म्हणून मग जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेला एकेक बहिरं यंत्र आलं.

त्याच्याशी बोलायचं ते ठोकळ्यांनी. लाकडी, आगपेटीएवढे ठोकळे, आणि यंत्राच्या पाठीवर ते बसवायच्या खाचा. निळ्या ठोकळ्यांवर कामं लिहिलेली: 'पुढे', 'वळ', 'थांब', 'हात लाव'. पिवळ्यावर 'पुन्हा पुन्हा'. लालवर 'जर' आणि 'नाहीतर'. वरून खाली ज्या क्रमाने ठोकळे लावाल त्या क्रमाने यंत्र वागणार, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. अक्षरओळख नीट नसलेल्या बंटूसाठी प्रत्येक ठोकळ्यावर चित्रही होतं.

पहिल्या दिवशी हंबीरने 'पुढे' लावला, त्याच्यावर 'पुन्हा पुन्हा' चढवला आणि बाजूला झाला. ढब्बू (हे नाव तोवर पडलंच होतं) वर्गातून निघाला, ओसरीवरून उतरला आणि पाण्याच्या पिंपाला जाऊन भिडला. तिथेच चाकं फिरवत राहिला.

"येडा हाय बाई ह्यो," हंबीर म्हणाला.

"येडा काय म्हणून? त्याला थांब कुणी सांगितलं होतं?" बाईंनी विचारलं.

अकरा जणांच्या मागून आवाज आला, "लाल ठोकळा पाहिजे. 'जर काही आडवं आलं', मग 'थांब'."

ती मिथिला होती. चौथीतली, नऊ वर्षांची, बाईंची लेक. तिच्या डाव्या पायात जन्मापासून जोर नव्हता. पायाला पट्टा आणि काखेत कुबडी. शाळेच्या फाटकातून आत आलं की 'बाई' आणि बाहेर पडलं की 'आई', असा मायलेकींचा करार होता. चार वर्षांत मिथिलाने तो एकदाही मोडला नव्हता. ती कुबडी टेकवत पिंपापाशी गेली, खाली बसली आणि तिने ठोकळे बदलले. ढब्बू पिंपापासून वीतभर अलीकडे येऊन शहाण्यासारखा थांबला.

त्या दिवसापासून ठोकळ्यांचा डबा मिथिलाच्या ताब्यात गेला. कुणाचंही काही अडलं की पोरं तिच्याकडे धावायची. बाईंना ते बघून बरं वाटायचं, आणि मनात एक काटाही टोचायचा.

तो काटा मधल्या सुट्टीचा होता. मैदानावर पकडापकडी सुरू झाली की बाई ओसरीवरून बघत राहायच्या. ज्याच्यावर राज्य असेल तो सगळ्यांच्या मागे पळे. मिथिलाजवळ आला की हात आखडून पुढे जाई. "ए, ती लिंबूटिंबू हाय!" झालं. आपल्याकडे कुठल्याही खेळात एखादं लहान पोर असतंच, त्याला खेळायला घेतात पण बाद करत नाहीत; ते आपलं उगीच मधे पळतं आणि खूश राहतं. दोन-तीन वर्षांचं असताना सगळेच लिंबूटिंबू असतात. मग मोठे होतात आणि एक दिवस राज्य येतं. मिथिलावर ते आलंच नव्हतं. पहिलीपासून चौथीपर्यंत एकदाही नाही. पोरं काही वाईट नव्हती, उलट जीव टाकायची तिच्यावर. पण हल्ली तर कुणी जवळ आलं की मिथिला जागीच उभी राहायची, कुबडीवर रेलून, ते पोर पुढे निघून जाईपर्यंत.

शाळा चौथीपर्यंतच. जूनपासून चौथीतली बाकीची पोरं शेजारच्या गावातल्या शाळेत पाचवीला जाणार होती. बाईंनी मात्र मिथिलासाठी मिरजेची निवासी शाळा पाहून ठेवली होती. तिथे सगळी मुलं तिच्यासारखीच, कुणी कुबडीवर, कुणी चाकाच्या खुर्चीत. तिथे कुणी कुणाला सोडणार नाही, तिथे माझी पोर खरी खेळेल, असा त्यांचा हिशेब. फॉर्म मोबाइलवर भरून ठेवला होता. शेवटची तारीख पंधरा फेब्रुवारी. फक्त 'पाठवा' हे बटण दाबायचं राहिलं होतं, आणि का कोण जाणे, तिथे येऊन त्यांचा अंगठा अडायचा. लेकीला लांब ठेवायच्या विचाराने रात्रीची झोप उडायची ती वेगळीच.

जानेवारीच्या अखेरीला पत्र आलं. बारा फेब्रुवारीला विस्तार अधिकारी मगदूम साहेब चाचणी घ्यायला येणार. मुलांनी यंत्राला गावातला एखादा खेळ शिकवून दाखवायचा. चाचणीत पास झालात तर यंत्र शाळेकडे राहील, नाहीतर दुसऱ्या शाळेला जाईल.

"पकडापकडी!" सगळे एकदम ओरडले. त्यावर चर्चाच झाली नाही.

खेळ शिकवणं सोपं निघालं. 'सगळ्यांत जवळचा बघ', 'त्याच्या मागे जा', 'हात लाव', आणि ज्याला हात लागला त्याच्यावर राज्य, की ढब्बू स्वतः पळायला मोकळा. साईशाने ठोकळे लावले, मिथिलाने तपासले. पहिल्याच डावात ढब्बू वळला आणि थेट मिथिलाच्या दिशेने सुटला. तीच सगळ्यांत जवळ होती.

मैदानावर एकच गिल्ला झाला. "अरे थांब! ए ढब्ब्या, ती लिंबूटिंबू हाय!" बहिऱ्यापुढे ओरडून काय उपयोग? हंबीरने धावत जाऊन त्याला उचललाच. चाकं हवेत फिरत राहिली.

"ह्याला सांगाय पाहिजे," साईशा म्हणाली. "लिंबूटिंबूचा ठोकळा कुठाय?"

डबा उपडा केला. 'जर' होता, 'नाहीतर' होता, 'थांब' तर सात होते. लिंबूटिंबू काही सापडला नाही. तळाशी एक पांढरा ठोकळा राहिला होता, त्याच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

हा कोरा ठोकळा म्हणजे त्या यंत्रातली खरी करामत. जे शब्दांत सांगता येत नाही ते त्याला करून दाखवायचं. कोरा ठोकळा बसवून यंत्राला कडेला उभं केलं की ते नुसतं बघतं. तुम्ही तीच गोष्ट दहा वेळा, वीस वेळा करता. ते प्रत्येक वेळेची नोंद ठेवतं आणि सगळ्या वेळांत सारखं काय होतं ते शोधतं. जे एकदा होतं आणि एकदा नव्हतं ते गाळून टाकतं. गाळून गाळून जे उरेल तो नियम. आपण लहानपणी 'गाय' हा शब्द शिकलो ते असंच. कुणी व्याख्या सांगितली नव्हती. शिवाय मुलांच्या यंत्रांसाठी दोन कडक कायदे झाले होते. एक म्हणजे, यंत्राने कुणाचा चेहरा किंवा नाव साठवायचं नाही. आणि दुसरा, ते काय समजलं हे त्याला विचारलं की साध्या मराठीत सांगता आलं पाहिजे. त्यासाठी ढब्बूच्या पोटावर एक छोटा पडदा होता आणि त्याखाली 'का?' असं लिहिलेलं बटण.

पोरांनी चार दिवस आपापसात पकडापकडी खेळली. ढब्बू मैदानातल्या कडुलिंबाखाली उभा राहून बघत होता. पोरं खेळायची तशीच खेळली. मिथिलाला सोडत गेली. हंबीर आपटला तेव्हा त्यालाही सोडलं. बंटूची चड्डी घसरली आणि तो ती धरून उभा राहिला, तेव्हा त्याला सोडलं. साईशाला हसून हसून उचकी लागली, तिलाही सोडलं. मधेच हंबीरने मिथिलाची कुबडी पळवली आणि ती काखेत मारून माकडासारखा उड्या मारत सुटला; त्याला मात्र साईशाने पाठीत धपाटा घालून बाद केलं. मग साईशाने पांढऱ्या ठोकळ्यावर मार्करने झोकात लिहिलं: लिंबूटिंबू.

या चार दिवसांत बाई ऑफिसात बसून खात्याची ऑनलाइन माहिती भरत होत्या. शाळेत पंखे किती, खिडक्या किती, उत्तरेकडे तोंड केलेल्या खिडक्या किती. पाचव्या दिवशी बाहेर आल्या आणि ढब्बूच्या पाठीवर, सगळ्यांत वरच्या खाचेत, तो शब्द त्यांनी वाचला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी!" साईशा पुढे आली. "बाई, अक्षर चांगलं आलंय न्हवं?"

"काढा तो."

"का वो बाई?"

"नियम सगळ्यांना सारखा लागला पाहिजे. चाचणीच्या कागदावर तसं लिहिलंय." बाईंचा आवाज चढला होता, आणि तो कागदापायी चढला नव्हता हे त्यांचं त्यांना कळत होतं. इतके दिवस हा शब्द हवेत विरून जायचा. आता तो लाकडावर लिहून यंत्राच्या पाठीवर बसवला होता.

"पर मग मिथिला खेळणार कशी?" हंबीरने विचारलं. "ह्यो तर तिला पयल्यांदाच धरंल!"

बाईंनी ठोकळ्याला हात घातला, तर मिथिलाने कुबडी आडवी धरली. "बाई, राहू दे ना. चाचणीपर्यंत राहू दे."

लेकीने आजवर शाळेत असा आडवा शब्द काढला नव्हता. बाईंनी हात मागे घेतला आणि तरातरा ऑफिसात निघून गेल्या.

संध्याकाळी जेवताना हा विषय निघालाच. मिथिलाचे बाबा सुहास बेदाण्याच्या शेडवर गाड्यांची देखरेख करायचे. सगळं ऐकून ते म्हणाले, "बरं केलं की पोरांनी. आमच्या गाड्यांना एवढं तरी कुठं कळतंय? माणूस आडवा आला की थांबतात आणि भोंगा वाजवतात. आपल्या तानूआत्या, शेडवर बेदाणा निवडायला येतात त्या. चालणं हळू, त्यामुळे दिवसभर त्यांच्याच नावाने भोंगा. सोमवारपासून यायच्याच बंद झाल्या. म्हणाल्या, यंत्राच्या शिव्या कोण खाणार?"

"मग काय करायचं? सगळ्यांनी कीव करत बसायचं?" बाई फणकारल्या. "कीव आहे ती, दुसरं काही नाही." त्यांनी लेकीकडे पाहिलं. "तुला आवडतं का गं, लिंबूटिंबू म्हटलेलं?"

"न्हाई," मिथिला म्हणाली.

"मग ठोकळा ठेवायचा हट्ट कशाला?"

मिथिलाने ताटातला भात एकीकडे केला, परत दुसरीकडे केला. "आई, तू 'का?' दाबलंस?"

"कसलं का? भात खा आधी."

"काही न्हाई," म्हणून पोरीने मान खाली घातली आणि गालातल्या गालात हसली. बाईंचा पारा आणखी चढला. सुहास मुकाट्याने आमटी वाढून घेऊ लागले.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत मिथिला मैदानावर दिसेना. बाई शोधत शाळेच्या मागे गेल्या. तिथे ती आणि ढब्बू, दोघंच. ढब्बू तिच्याकडे आला, ती थांबली, ढब्बू पंजा मागे घेऊन वळला. पुन्हा आला, ती पुन्हा थांबली, तो पुन्हा वळला. तिसऱ्या वेळी ती थांबलीच नाही. कुबडी टाकत जोरात निघाली, चार पावलं गेली आणि खडीवर कोसळली.

"अगं बाई!" वैजयंतीबाई धावल्या. कोपर खरचटलं होतं, रक्त आलं होतं. ढब्बू हातभर अंतरावर गप उभा होता, डोक्यावरचा पिवळा दिवा लावून. "काय चाललंय काय तुझं? एकटीने इथे कशाला आलीस?"

"तपासतेय, बाई," मिथिला कोपर झटकत म्हणाली. "थोडंच राहिलंय."

त्या रात्री बाईंनी फॉर्म पुन्हा उघडला. अंगठा बटणावर नेला, पोरीचं खरचटलेलं कोपर डोळ्यांपुढे आलं आणि त्यांनी मोबाइल उशीखाली सारला. चाचणी होऊन जाऊ दे, मग पाठवू, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

बारा तारखेला मगदूम साहेब आले ते गुडघ्याला पट्टा बांधून. अंगाने भरलेले, घामाघूम, हातात टॅब. "चला, लवकर उरका. अजून दोन शाळा आहेत," म्हणत त्यांनी चहाला नाही म्हटलं आणि दोन कप घेतले. ढब्बूच्या पाठीवरचा पांढरा ठोकळा त्यांच्या नजरेतून सुटला नाही.

"हे काय?"

साईशाने छाती काढून सांगितलं, "मिथिला लिंबूटिंबू हाय सायब. तिला धरायचं न्हाई."

साहेबांनी मिथिलाकडे पाहिलं, कुबडीकडे पाहिलं, मग बाईंकडे. "अहो बाई, भावना समजतात. पण रकाना बघा. 'नियम सर्वांना सारखा लागू होतो: हो किंवा नाही.' इथे मला नाहीच लिहावं लागणार."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ढब्बूही जाणार, आणि तोही आपल्या पोरीच्या नावाने. त्या काही बोलणार, तोवर पोरांनी खेळ सुरूही केला होता.

साहेब व्हिडिओ काढायला मैदानात उतरले. उतरले ते नेमके ढब्बूच्या जवळ. ढब्बूला काय, साहेब काय आणि बंटू काय. जवळचा तो जवळचा. तो वळला आणि साहेबांच्या मागे लागला.

"अरे, अरे! मी नाही, मी नाही!" साहेब मागे सरले. नळापाशी चिखल झाला होता. त्यात त्यांचा पाय सरकला, टॅब एका हातात, दुसरा हात हवेत, पोट पुढे, आणि ते जागच्या जागी डुलायला लागले. ढब्बू त्यांच्यापासून वीतभर अंतरावर थांबला. पंजा मागे घेतला. पिवळा दिवा लागला. साहेबांचा तोल सावरला तसा तो त्यांना वळसा घालून दुसरीकडे निघून गेला.

बंटू टाळ्या पिटत ओरडला, "सायब लिंबूटिंबू! सायब लिंबूटिंबू!"

सगळं मैदान खदखदून हसायला लागलं. बाईंना वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. साहेबांचे कान लाल झाले होते. पण माणूस मुळात शिक्षक होता, त्याला शंका आल्याशिवाय राहवेना. "बाई, हा ठोकळा त्या मुलीसाठी आहे म्हणता ना? मग मला कसं सोडलं यानं?"

"तेच मला कळेना," बाई म्हणाल्या. खरंच कळत नव्हतं.

"चालू द्या खेळ," साहेब म्हणाले. चिखलाचा बूटही त्यांनी पुसला नाही.

ढब्बू आता मैदानाच्या मध्यावर होता. हंबीर डावीकडे पळाला, साईशा उजवीकडे. मिथिला समोर. ढब्बू तिच्या रोखाने निघाला आणि कुणाला त्याचं काहीच वाटलं नाही, कारण ती थांबेल, तो वळेल, सगळ्यांना सवयीचं होतं.

मिथिला थांबली नाही.

तिने कुबडी पुढे टाकली, अंग झोकलं, पुन्हा कुबडी टाकली. वेग काही फार नव्हता. पण ती सरळ पळतच नव्हती. लिंबाच्या झाडाला वळसा घातला, ढब्बू वळेपर्यंत उलटी फिरली, झेंड्याच्या कट्ट्यामागून निघाली. ढब्बूला वळायला वेळ लागतो हे तिने तपासून ठेवलं होतं. "मिथिला, सावकाश!" असं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण ते बाहेर पडलं नाही. त्यांनी लेकीला असं पळताना जन्मात पाहिलं नव्हतं. कट्ट्यापासून फाटकापर्यंत, फाटकापासून पिंपापर्यंत. वेणी सुटली होती, तोंड लालबुंद झालं होतं. आणि पिंपापाशी ढब्बूने तिला गाठलं. स्पंजचा पंजा तिच्या पाठीवर टप्पकन बसला.

पळणारी पोरं जागच्या जागी थांबली.

"बिघडला!" हंबीर ओरडला. "बाई, बिघडला ढब्बू! मिथिलाला धरली त्यानं!" तो ठोकळा उपटायला धावला. साईशाच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मी नीट लिवलं होतं वो बाई, देवाशप्पथ!"

पण मिथिला पिंपाला टेकून धापा टाकत होती आणि हसत होती. श्वास पुरेना, तरी तिने सगळ्या शाळेला ऐकू जाईल एवढ्याने हाक मारली.

"आई! आई गं! माझ्यावर राज्य आलं!"

चार वर्षांचा करार मोडला होता आणि तिच्या ते गावीही नव्हतं. वैजयंतीबाई ओसरीवरून उतरल्या त्या कशा उतरल्या, त्यांनाही कळलं नाही. ढब्बूपाशी जाऊन त्यांनी गुडघे टेकले आणि पोटावरचं 'का?' दाबलं. छोट्या पडद्यावर ओळी उमटल्या.

'३८ वेळा सोडून दिले. कारण कुबडी? नाही, एकदा कुबडीवाल्याला बाद केले. कारण लहान? नाही, दोनदा लहानाला बाद केले. ३८ वेळांत सारखे: ज्याचा तोल गेला होता किंवा जो थांबला होता, त्याला सोडले. सावरला की खेळ पुन्हा चालू.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. पोरांना वाटलं होतं, आपण ढब्बूला मिथिला शिकवली. पण ढब्बूला चेहरा ठेवायची परवानगीच नव्हती. त्याने मिथिलाला कधी ओळखलंच नाही. त्याने फक्त पोरांचं वागणं पाहिलं होतं. पडलेल्याला, अडलेल्याला क्षणभर सोडायचं, मग खेळायचं. मिथिलाला तो दर वेळी सोडत होता, कारण ती दर वेळी थांबत होती. आणि ही गोष्ट एकट्या तिनेच बटण दाबून वाचली होती.

मगदूम साहेबांनी वाकून पडदा वाचला. गुडघा कुरकुरला, तरी त्यांनी पूर्ण वाचला. "म्हणजे मलाही हाच नियम, त्या बंटूलाही हाच आणि या मुलीलाही हाच," ते म्हणाले. टॅबवरच्या त्या रकान्यात त्यांनी 'हो'वर बोट ठेवलं. "आणि बाई, या ठोकळ्याची नक्कल काढता येते का हो? माझा मेहुणा बेदाण्याच्या शेडवर गाड्या पुरवतो. त्यांना घालून बघायला पाहिजे."

"येते की सायब," साईशा डोळे पुसत म्हणाली. "पर नाव मीच लिवणार."

इकडे मिथिला खोळंबली होती. "माझ्यावर राज्य आलंय! पळा की!"

पोरं पळाली, पण कशी? हंबीर उगीच पाय ओढत, बंटू मागे बघत बघत. मिथिला जागीच उभी राहिली. "हंबीर, मुद्दाम हळू पळालास तर मी खेळणार न्हाई. बघ हां, कट्टी घेईन."

हंबीरने तिच्याकडे पाहिलं. मग शर्ट खोचला आणि वाऱ्यासारखा सुटला. त्याच्यामागे सगळे. मिथिला त्यांच्या पाठी, कुबडी टाकत, अंग झोकत. कुणी हाती लागेना. एकदा पडली, उठली. पुन्हा निघाली. साहेब चाचणी संपली हे सांगायचं विसरून कट्ट्यावर टेकले होते.

बाईंच्या मुठीतला मोबाइल थरथरला. 'मिरज निवासी शाळा: अर्ज पाठवण्यासाठी तीन दिवस शिल्लक.' त्यांनी फॉर्म उघडला. खाली दोन बटणं होती, 'पाठवा' आणि 'रद्द करा'. इतके दिवस अडणारा अंगठा या वेळी अडला नाही. अर्ज रद्द झाला. त्यांना एकदम रडू आलं आणि ते त्यांनी आवरलंही नाही.

एव्हाना मधली सुट्टीही संपून दहा मिनिटं झाली होती. घंटा द्यायला हवी होती. वैजयंतीबाईंनी मोबाइल ओसरीवर ठेवला, पदर कमरेला खोचला आणि त्या मैदानात उतरल्या.

मिथिलाने त्यांना पाहिलं. डोळे चमकले तिचे. ती वळली आणि सरळ आईच्या अंगावर धावून आली.

आजवर घरात, अंगणात, बाई या पोरीपुढे नेहमी हरल्या होत्या. हळू चालायच्या, मुद्दाम सापडायच्या, "पकडलं गं बाई मला" म्हणायच्या. आज त्या पळाल्या. पंचेचाळिशीचं शरीर, साडी, सगळं सावरत खरोखर पळाल्या. लिंबाला वळसा घातला, कट्टा ओलांडला. मागे कुबडीचा ठक ठक आवाज येत होता. पोरं ओरडत होती, "बाई, पळा! बाई, डावीकडं!" आणि नळापाशी, त्याच चिखलात, त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. एक पाय पुढे गेला, दुसरा मागे राहिला, दोन्ही हात हवेत.

मिथिलाचा हात पाठीपासून वीतभर अंतरावर येऊन थांबला. तिने तो मागे घेतला. कुबडीवर रेलून आई सावरेपर्यंत वाट बघितली.

"लिंबूटिंबू," ती धापा टाकत म्हणाली. "झालं? सावरलीस? आता पळ."

वैजयंतीबाईंनी दोन्ही चपला तिथेच चिखलात सोडल्या आणि जीव खाऊन पळाल्या.